आम्ही न पाहिलेले ग्रहण

बेळगावातील एका शाळेत आम्ही तीस वर्षे विज्ञान शिकविले. ग्रहणाचा पाठ आमच्या विशेष आवडीचा. एक मेणबत्ती, एक मोसंबे व एक लिंबू एवढ्या सामग्रीवर आम्ही सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांचा संसार वर्गात मांडीत असू. लिंबाची सावली मोसंब्यावर सरकू लागली की मुलांचे डोळे विस्फारत. "यात राहू-केतू कोठे दिसले का रे?" असे आम्ही शेवटी विचारीत असू, आणि साऱ्या वर्गाने एका सुरात "नाही" म्हटले की मोठे राष्ट्रकार्य उरकल्याच्या समाधानाने खडूचे हात झटकीत असू. आमच्या या भ्रमाचा भोपळा १६ फेब्रुवारी १९८० रोजी फुटला. तो कसा फुटला, हे सांगण्याचा धीर इतक्या वर्षांनी करीत आहोत.

त्या शनिवारी दुपारी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राच्या गडद छायेचा पट्टा अंकोला, हुबळी, गदग, रायचूर असा पूर्वेकडे जात ओडिशाच्या किनाऱ्यास पोचणार होता. हैदराबादेजवळच्या रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून सज्ज होते. आमचे गाव पट्ट्याबाहेर होते. तरी तेथेही सूर्याची बारीकशी कोरच उरणार होती. चार विद्यार्थ्यांना घेऊन हुबळीस जावे, असा आमचा बेत होता.

परंतु आमच्या कुटुंबास तेव्हा सातवा महिना होता. मातुश्रींनी सकाळीच माजघराच्या खिडकीस गोधडी बांधली, पाण्याच्या भांड्यांत तुळशीपत्रे टाकली आणि विळी उचलून फळीवर ठेवली. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले तर मुलाचा ओठ फाटलेला निघतो, ही त्यांची पक्की समजूत. आम्ही मेणबत्ती-मोसंब्याची गोष्ट काढताच त्या म्हणाल्या, "तुझे शाळेतले शाळेत ठेव. उद्या काही वेडेवाकडे झाले तर तू भरून देणार आहेस का?"

या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो. हुबळी राहिली बाजूला. माजघराचे दार आम्ही आपल्या हातांनी लोटून घेतले. लोकांस सांगताना पुढे आम्ही नेहमी आईच्या भिडेचे निमित्त सांगत आलो. खरे ते हे, की आतून कोठेतरी आम्हीही भ्यालो होतो. बाहेर उन्हाचा रंग फिका होत गेला, पाखरे गोंधळली, गल्ली ओस पडली. आणि ग्रहणाचा पाठ शिकविणारा शिक्षक गोधडीआड बसून राहिला. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेले आमचे कुटुंब मोक्षानंतर उठले आणि उंबऱ्याशीच भोवळ येऊन पडले. दैव बलवत्तर म्हणून निभावले. एप्रिलात मुलगी झाली, ती सुदृढ व देखणी. मातुश्री म्हणाल्या, "पाळले म्हणून!"

या दोन शब्दांवर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. मूल चांगले निपजले, तर ते पाळल्यामुळे. व्यंग असले, तर पाळण्यात काही कसूर झाली म्हणून. काहीही घडो, समजुतीच्या केसालाही धक्का लागत नाही. वरवर पाहता ही तिची ताकद वाटते. परंतु जी गोष्ट कधीच खोटी ठरू शकत नाही, ती खरी आहे हे तरी कशावरून ठरवावयाचे?

आणि या तर्काची किंमत कोणी तरी मोजीतच असते. आमच्याच गल्लीतील एका बाईच्या मुलाचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. ग्रहणात तिने काही चिरल्याचे कोणी पाहिले नव्हते. पण मूल पाहताच तसे सर्वांनी ठरवून टाकले. वस्तुतः वरचा ओठ गर्भाच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारासच जुळून येतो. त्यात दोष राहण्याची कारणे आनुवंशिकतेत व गर्भाच्या वाढीस बाधणाऱ्या इतर गोष्टींत असतात, आणि शस्त्रक्रियेने तो सांधता येतो. ही माहिती मिळविणे आम्हांस अवघड नव्हते. त्या माउलीच्या दारावरून आम्ही रोज शाळेस जात होतो. तिच्या बाजूने एक शब्दही आम्ही बोललो नाही.

सोमवारी वर्गात एका मुलाने विचारले, "सर, तुम्ही ग्रहण पाहिलेत?" आम्ही म्हणालो, "हा प्रश्न परीक्षेला नाही. खाली बस." तीस वर्षांत आम्ही दिलेले सर्वांत वाईट उत्तर तेच.

पंचांगाचे पान उघडून पाहावे. ग्रहणाचा स्पर्श, मध्य व मोक्ष मिनिटांपर्यंत अचूक दिलेले असतात. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच लिहून ठेवले. त्याच पानावर शेजारी कोणत्या राशीस ग्रहण अशुभ, याची यादी असते. गणित आणि भय एका पानावर सुखाने नांदतात. आमच्या डोक्यातही ती तशीच नांदत होती. विज्ञान आम्ही माहिती म्हणून शिकविले. शंका कशी घ्यावी आणि ती तपासून कशी पाहावी, हे मात्र शिकविले नाही.

तपासणे म्हणजे काय, याचा एक नमुना २००८ च्या सुमारास पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी घालून दिला. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका त्यांनी जमविल्या आणि कोणती कोणाची हे ज्योतिष्यांस ओळखावयास सांगितले. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरे पाठविली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते तरी निम्मी आली असती! यात कोणाची टवाळी नव्हती. खरे-खोटे ठरविण्याची संधी उभय पक्षांस सारखी दिली होती. वर्गात शिकवावयाचे ते हेच.

२६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी पुन्हा सूर्यग्रहण आले. त्याच दिवशी कलबुर्गी जिल्ह्यात अपंग मुलांना बरे वाटावे म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे काम संपलेले नाही. आमच्या परसात मात्र नात ओरडली, "आजोबा, खाली बघा!" आंब्याच्या पानांच्या फटींतून उतरलेल्या कवडशांच्या शेकडो चंद्रकोरी अंगणभर पसरल्या होत्या. आमचे कुटुंब चहाचा पेला घेऊन बाहेर आले आणि बराच वेळ त्या कोरींकडे पाहत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "अहो, त्या दिवशीही अशाच पडल्या असतील ना?"

"होय," आम्ही म्हणालो. या खेपेस प्रश्न परीक्षेचा नाही, असे म्हणण्याची आमची छाती झाली नाही.