दोन ग्रॅमची गोष्ट

रेकॉर्डी ऐकणाऱ्या माणसाला गाण्याची आवड असते, असा एक गोड गैरसमज आहे. त्याला आवड असते ती स्क्रू पिळण्याची. गाणं आपलं निमित्ताला.

आमच्या घरी टर्नटेबल आल्यापासून गाण्याआधी जी तयारी चालते, तेवढी सत्यनारायणालाही लागत नाही. आधी पाणसळ. तबकडी समपातळीत हवी. आमच्या इमारतीत समपातळीत काहीच नाही, त्यामुळे टर्नटेबलच्या एका पायाखाली कायमची इस्पिकची दुर्री. तेव्हापासून आमची रमी बंद.

मग सुईचा भार. आमच्या सुईला दोन ग्रॅम लागतात. कमी पडला तर सुई उड्या मारते आणि आवाज फाटतो. जास्त झाला तर खाच झिजते. त्यासाठी चिमुकला तराजू आणला. सोन्याच्या खरेदीतही आमच्याकडे दोन ग्रॅमचा एवढा काथ्याकूट झालेला नाही.

मग वेग. एलपी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. शाळेत छळलेला अपूर्णांक म्हातारपणी असा घरी राहायला येतो! आपल्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्या उजेडात १८० रेघांची चकती फिरवायची. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. फिरणारी वस्तू स्थिर दिसेपर्यंत मी तिच्याकडे बघत बसतो. शेजारी याला ध्यानधारणा समजतात.

१९४८ साली अमेरिकेत एलपी आली. तोवर गवयाला तीन-चार मिनिटांत गाशा गुंडाळावा लागे. एलपीनं एका बाजूला वीसेक मिनिटं दिली. तेवढी माझी सुई पुसण्यात जातात.

"झालं का मोजून?" सौ. विचारते. "मग आता गाणं लावा!"

तर परवा सासऱ्यांच्या संग्रहातली नाट्यगीतांची एलपी लावली. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या जुन्या प्लेअरवर एका चरऱ्यापाशी सुई हमखास उडायची आणि दोन शब्द गिळून पुढे जायची. दादा खुर्चीतून म्हणायचे, "चला, पुढे!" आणि घर हसायचं. सौ. ते पद तिथंच शिकली. अजून हळदीकुंकवाला म्हणते ते दोन शब्द गाळूनच.

आमची दोन ग्रॅमची सुई त्या चरऱ्यावरून नुसतं 'टक्' करून सरळ निघून गेली. दोन्ही शब्द स्वच्छ ऐकू आले. मी शाबासकीच्या आशेनं वळून बघितलं. मेथी निवडणारे हात थांबले होते.

"हे शब्द होते होय यात?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "पण मग दादांनी 'चला, पुढे' म्हणायचं कुठे?"

याला तराजूत उत्तर नव्हतं. भार अर्ध्या ग्रॅमनं कमी केला असता तर उडी परत आली असती. पण दादांची रेकॉर्ड खराब झाली असती. "कमी करू का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "पुन्हा लावा."

पुन्हा लावली. ती मेथी घेऊन आत गेली. 'टक्' झालं, आणि स्वयंपाकघरातून थेट दादांच्या सुरात आवाज आला, "चला, पुढे!"

सुई केव्हाच पुढे गेली होती.