पोहे, पत्रिका आणि डोंबिवली फास्ट

लग्नाला दोन महिने उरले आणि मी कार्ब्ज बंद केले. सकाळी पोह्यांऐवजी नुसती ब्लॅक कॉफी, दुपारी काकडी. आठवड्यात वजन दोन किलो उतरलं. मी जाम खूश!

मग एकदा डोंबिवली फास्टमध्ये, दिवा मागे पडल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. लेडीज डब्यातल्या एका मावशींनी ठाण्यापर्यंत धरून ठेवलं, हातात शेंगदाण्याचा लाडू कोंबला.

डॉक्टरांनी माझा हिशेबच मोडीत काढला. यकृतात आणि स्नायूंत साखर ग्लायकोजेन म्हणून साठते, दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून. आधी उतरलं ते मुख्यतः हेच! चरबीत ग्रॅमला ९ कॅलरी, कार्ब्ज आणि प्रोटीनमध्ये ४. पण चरबी सावकाश जळते आणि मेंदूला थोडं तरी ग्लुकोज लागतंच. खाण्यातून मिळालं नाही, तर शरीर स्नायूंमधलं प्रोटीन मोडून ते बनवतं. म्हणजे चरबीबरोबर मी पायांतली ताकदही जाळत होते.

आता पोहे खाऊनच निघते, डब्यात मटकीची उसळ. ब्लाऊज टेलरकाकांनी अर्धा इंच उसवून दिला. लग्नात कुणाच्या लक्षातही आलं नाही.