कोरडवाहू अश्वगंधा

रूपावर जाऊन अश्वगंधेकडे कोणी वळणार नाही. फार तर कमरेइतकी उंची, राखट हिरवी पानं आणि त्यांच्या बगलेत दडलेली हिरवट-पिवळी इवली फुलं. वांगं, मिरची, टोमॅटो ही तिची भावंडं, पण त्यांचा तोरा हिच्यात नाही. फळ धरल्यावर तेवढी ती नटते. फुलाखालचा पेला फुगतो, त्याचं पातळ आवरण होतं आणि आत लालभडक गुंजेएवढं फळ पिकतं.

आपल्याकडे ती बांधावर, पडीक रानात आपसूक उगवते. तिथे ती आसंध किंवा ढोरगुंज. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात मात्र तिची रीतसर शेती होते. ऑगस्टच्या सुमाराला बी पडतं, जानेवारी ते मार्चमध्ये मुळी निघते. जमीन हलकी चालते, ६००-७५० मिलिमीटर पाऊस पुरतो. साचलेलं पाणी मात्र तिला अजिबात खपत नाही, मुळी सडते.

तिचा स्वभाव कळतो तो पावसाने ओढ दिल्यावर. जमिनीतली ओल कमी होताच झाडात ॲबसिसिक आम्ल वाढतं आणि पर्णरंध्रं मिटू लागतात. पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही बाहेरच अडतो आणि अन्न कमी तयार होतं. पेशीतलं पाणी टिकावं म्हणून ती प्रोलिन साठवते. ताण लांबला तर खालची पानं पिवळी करून गाळून टाकते. याच ओढाताणीत विथॅनोलाइड या तिच्या औषधी द्रव्यांचं प्रमाण वाढल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण हे मध्यम ताणापुरतंच खरं. कोरड फार वाढली की वाढ खुंटते, मुळी बारीक राहते आणि प्रमाण वाढूनही एकरी औषध घटू शकतं. तिला काटक म्हणावं, पण त्या काटकपणाच्या भरवशावर तिला वाऱ्यावर सोडू नये.

इथे फवारणी कामाला येते. सॅलिसिलिक आम्ल झाड स्वतःही बनवतं. त्याचं अगदी सौम्य द्रावण पानांवर मिळालं तर ताणामुळे पेशींना होणारी इजा कमी करणारी यंत्रणा लवकर जागी होते. समुद्री शेवाळाचा अर्क किंवा पोटॅशियम नायट्रेटही पावसाच्या खंडात पिकाला हात देतात. मात्र वेळ साधावी लागते. भर दुपारी थेंब पानावरच वाळतो आणि द्रावण तीव्र झालं तर पान करपतं. म्हणून पंप सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर चालवावा. तिच्या पानावर बारीक लव असते, थेंब त्या लवेवरच अडून राहतो. म्हणून द्रावणात चिकटद्रव्य हवं आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूलाही पोचायला हवा. ताणाच्या सुरुवातीला दिलेली फवारणी लागू पडते; मान टाकलेलं झाड फारसं काही शोषत नाही. आणि फवारणी म्हणजे पाणी नव्हे. मुळी भरण्याच्या काळात एखादं संरक्षित पाणी देता आलं, तर त्याची सर कुठल्याच द्रावणाला येत नाही.

काढणीला अख्खं झाड उपटतात, मुळीवरचं खोड छाटतात, मुळीचे तुकडे करून वाळवतात. ओल्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा उग्र वास असतो. चांगली वाळलेली मुळी कट्‌कन मोडते, आत पांढरीशुभ्र, पिठूळ दिसते. बाजारात हाच पांढरेपणा, लांबी आणि जाडी पाहून प्रत ठरते. सुमारे ७ सेंटिमीटर लांब आणि १ ते दीड सेंटिमीटर जाड तुकडा पहिल्या प्रतीचा. पण पिठूळपणा म्हणजे स्टार्च. औषध डोळ्यांना दिसत नाही. कोरड्या वर्षातली बारीक मुळी गुणाने सरस असली तरी खालच्या प्रतीत जाते आणि हेक्टरी जेमतेम ३ ते ५ क्विंटल पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी कमी भाव पडतो.

हे बदलायला हवं. विथॅनोलाइडची तपासणी प्रयोगशाळेत करता येते, अनेक औषध कंपन्या ती करून माल घेतात. तीच तपासणी खरेदीच्या ठिकाणी शेतकऱ्याच्या समोर व्हावी आणि भाव जाडीबरोबर गुणावरही ठरावा. कोरडवाहू शेतकऱ्याने एवढं मागणं रास्तच आहे, आणि ही मुळी औषध म्हणून विकत घेणाऱ्या आपण सगळ्यांनीही ते मागायला हवं.