अकरा रविवारांचा तांब्या

कोल्हापुरातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर, उत्तरेच्या खिडकीखाली एक तिवई आहे. तिच्यावर चुण्या पाडून अंथरलेलं पांढरं धोतर आणि मधोमध पितळी तांब्या. दर रविवारी सकाळी आठला सर कपाटातून तांब्या काढतात, खडूनं आखलेल्या वर्तुळावर नेमका बसवतात, काठाला पडलेला पोचा खिडकीकडे आहे ना ते बघतात आणि पेपर उघडून खुर्चीत बसतात. पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटांत तांब्या काढून मोकळी झाले. कागद घेऊन सरांपुढे गेले.

सरांनी चष्मा वर केला. चित्राकडे बघितलं, मग तांब्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. "हा कुठलाही तांब्या झाला, ताई," ते म्हणाले. "समोरचा कुठं आहे?"

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि बावीस वर्षं बँकेत काढलेली. बँकेत संध्याकाळी कॅश जुळली की दिवस संपतो, उद्यावर काही ठेवायचं नसतं. काम उरकणं ही माझ्या हाडात मुरलेली सवय. शाळेत चित्रकलेचा तास बहुतेक वेळा गणिताला दिला जायचा. तरी हौसेनं एलिमेंटरीला बसले आणि 'क' श्रेणी घेऊन बाहेर पडले. आपल्या हातात कला नाही, ही समजूत त्या दिवशी पक्की झाली आणि तीस वर्षं तशीच राहिली. सरांकडे गेले ती मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर, रविवार रिकामे पडले म्हणून.

सर चाळीसएक वर्षं चित्रकलेचे शिक्षक होते. आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या माडीवर रविवारी सात-आठ जण असतात. इंटरमिजिएटची तयारी करणारा दहावीतला एक मुलगा, एक सुतार, निवृत्त नर्स असलेल्या एक मावशी, इंजिनिअरिंगच्या दोन मुली. प्रत्येकाला वेगळी वस्तू आणि वस्तू पूर्ण होईपर्यंत दुसरी मिळत नाही.

पहिल्या चित्रात माझं काय चुकलं होतं ते कळायला दोन रविवार गेले. मी तांब्याचं बूड सरळ रेषेनं काढलं होतं. तांब्या सपाट तिवईवर बसलाय, मग बूड सपाटच असणार, असं माझं डोकं मला सांगत होतं आणि हात त्याचं ऐकत होता. प्रत्यक्षात तांब्याचं तोंड माझ्या डोळ्यांच्या पातळीपासून थोडंसंच खाली होतं, म्हणून तिथला लंबगोल चपटा दिसत होता. बूड त्याहून बरंच खाली, म्हणून तिथली कड जास्त गोलावलेली. डोळ्याच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली जाईल तितकं ते उघडत जातं. हा नियम पुस्तकात एका ओळीत मावतो. मला तो दिसायला मात्र सहा तास लागले.

दुसरी चूक लंबगोलाच्या टोकांची. मी वरचा कंस काढला, खालचा कंस काढला आणि दोन्ही जिथं भेटले तिथं लिंबाच्या फोडीसारखी टोकं आली. सरांनी तांब्या माझ्या हातात दिला. "काठावरून बोट फिरवा. कुठं टोचतंय?" कुठंच टोचत नव्हतं. मग त्यांनी जुन्या वहीची वीस पानं दिली आणि खांद्यातून हात फिरवत लंबगोल काढायला सांगितलं. मनगटातून काढलेला कंस लगेच संपतो, खांद्यातून काढलेला वळून परत येतो. तो अख्खा रविवार लंबगोलांत गेला. तांब्याच्या कागदावर त्या दिवशी एक रेघही पडली नाही.

त्यानंतर मापं. हात ताठ, कोपर न वाकवता, एक डोळा मिटून पेन्सिल समोर धरायची आणि अंगठ्यानं उंची पकडायची. माझ्या तांब्याची रुंदी उंचीच्या जवळजवळ बरोबरीची निघाली. मी तो कितीतरी उंच काढला होता. सरांकडे गवंड्याचा ओळंबा आहे, दोरीला बांधलेला शिशाचा लोळा. तो ते तिवईसमोर टांगतात. ओळंब्याची दोरी तांब्याच्या गळ्याला कुठं छेदते, पोटाला कुठं, धोतराची कुठली चुणी तिच्या डावीकडे राहते, हे एकेक करून कागदावरच्या उभ्या रेघेशी ताडायचं. सुताराला हे पहिल्याच दिवशी समजलं. जन्मभर त्यानं चौकटी ओळंब्यात बसवल्या आहेत.

ओळंब्यावरून आठवलं. स्पेनचे चित्रकार आंतोनिओ लोपेस यांच्यावर दिग्दर्शक व्हिक्टर एरिसे यांचा १९९२ सालचा एक चित्रपट आहे. इंजिनिअरिंगवाल्या मुलींपैकी एकीनं तो आम्हाला लॅपटॉपवर दाखवला. १९९० च्या शरद ऋतूत लोपेस माद्रिदमधल्या आपल्या अंगणातलं क्विन्सचं झाड रंगवायला घेतात. पिवळी, मोठ्या पेरूएवढी फळं. पाय दर वेळी त्याच जागी पडावेत म्हणून ते जमिनीत खिळे ठोकतात, झाडासमोर ओळंबा टांगतात आणि पानांवर, फळांवर पांढऱ्या रंगाच्या बारीक खुणा करतात. फळ पिकून जड झालं, फांदी खाली आली, की खूण खाली सरकते. मग चित्रही सरकवायचं. पाऊस येतो, ऊन हवं तसं मिळत नाही, तैलचित्र सोडून द्यावं लागतं. ते पेन्सिलनं नव्यानं सुरुवात करतात. शेवटी फळं गळून पडतात आणि ते रेखाटनही अपुरंच राहतं. याच लोपेस यांनी माद्रिदच्या ग्रान व्हिया या रस्त्याचं एक चित्र १९७४ ते १९८१ अशी सात वर्षं केलं, उन्हाळ्यातल्या पहाटेच्या त्याच थोड्या मिनिटांच्या उजेडासाठी दर वर्षी तिथं परत जाऊन. चित्रपट संपल्यावर मावशी म्हणाल्या, "हा माणूस झाडाची ड्युटी करतोय." बत्तीस वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या बाईचं हे बोलणं मला चित्रपटाइतकंच लक्षात राहिलं.

जुलैत पाऊस लागला आणि आमच्याही खिडकीचा उजेड बदलू लागला. ढग आला की तांब्यावरची चमक विझायची, छाया धोतरात विरघळायची. दहा मिनिटांनी पुन्हा लख्ख. मी दर बदलाबरोबर चित्र बदलत गेले आणि तीन तासांनी कागदावर नुसता चिखल उरला. सरांनी त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की करायला लावली. उजेड एकच ठरवायचा, ढगाळलेला तर ढगाळलेला, आणि ऊन आलं की पेन्सिल खाली ठेवून थांबायचं. थांबणं मला फार जड गेलं. हात रिकामा आणि डोळे तांब्यावर. पण त्या थांबलेल्या वेळातच मला पहिल्यांदा दिसलं, की तांब्याच्या छायेतल्या बाजूला अगदी कडेशी एक फिकट पट्टा आहे. धोतरावरून उलटून आलेला उजेड. सगळ्यात गडद भाग कडेला नव्हताच, तो कडेपासून बोटभर आत होता. पाच रविवार मी त्या तांब्यासमोर बसले होते आणि हा पट्टा तिथंच होता.

इथं मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणते. वास्तववादी चित्र शिकताना हात कमी पडतो ही समजूत चुकीची आहे. सही करणारा हात तांब्याही काढू शकतो. घाई डोळ्याची असते. डोळा वस्तूचं नाव घेतो, "तांब्या", आणि पुढं निघून जातो. धीर लागतो तो नाव घेऊन झाल्यावरही तिथंच बसून राहायला.

याला मोठी साक्ष आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी चित्रकार व्हायचं ठरवलं १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या भागात राहून त्यांनी शार्ल बार्ग यांचा चित्रपाठ मागवला आणि त्यातले कोळशानं काढायचे साठच्या साठ तक्ते नकलून काढले. झाले की पुन्हा. हा पाठ गुपिल या पॅरिसच्या कंपनीनं १८६६ ते १८७१ या काळात काढला होता. एकूण १९७ तक्ते, आधी प्लास्टरच्या पुतळ्यांचे हात, पाय, कान, मग थोरांच्या रेखाटनांच्या नकला, मग मानवी देह. व्हॅन गॉग पूर्वी याच गुपिलकडे नोकरीला होते. आणि १८९० मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, सूर्यफुलं आणि तारांकित रात्र रंगवून झाल्यावर, त्यांनी भाऊ थिओकडे पुन्हा तेच बार्गचे तक्ते मागितले. सरावासाठी. सूर्यफुलं काढणाऱ्या माणसाला पायाच्या घोट्याची नक्कल परत करावीशी वाटते, यातून मला जितका धीर मिळाला तितका कुठल्याच उपदेशातून मिळाला नव्हता.

आपल्याकडेही हाच रस्ता होता. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथला अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर बेतलेला होता. आधी सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा, मग घन आकार, मग प्लास्टरचे पुतळे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये तिथं दाखल झाले आणि विद्यार्थी, शिक्षक, पुढं अधिकारी अशी त्यांची हयात तिथंच गेली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' आहे. त्यांच्या आधी जे. जे.मध्ये शिकून आलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी तोच परिसर, तेच पाणी, तीच झाडं पुन्हा पुन्हा रंगवली. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. तांब्यावर काम चालू असताना मी एका सुट्टीच्या दिवशी तिथं गेले. पूर्वी ती चित्रं मी पाच मिनिटांत बघून निघाले होते. या वेळी पाण्याचा काठ आणि पाण्यातली सावली यांतला फरक शोधत एकाच चित्रासमोर इतकी उभी राहिले, की पहारेकऱ्यानं खुर्ची आणून दिली.

ऑगस्ट उजाडला तेव्हा मी छायेवर आले. इथं पेन्सिलीची ओळख नव्यानं झाली. पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. हे मिश्रण भाजून पेन्सिल बनवायची युक्ती फ्रान्सच्या निकोला-जाक काँते यांनी १७९५ साली काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. मला गडद हवं म्हणून मी सहा-बी घेऊन जोर लावला. कार्ट्रिज कागदाची दाणेदार पाठ दबून गेली, तिथं चकाकी आली आणि त्यावर पुढचा थर चढेना. सरांनी कागद उजेडात तिरका धरून ती चकाकी दाखवली. "आता इथं काही धरणार नाही. कागदाला दमवायचं नाही, ताई." उपाय एकच, नवा कागद. सात रविवारांचं काम बाजूला ठेवलं. मापांचा सराव झाल्यामुळे बाह्यरेषा या वेळी दीड तासात उतरली. मग एच-बीनं पहिला थर, हात इतका हलका की पेन्सिलीच्या वजनानंच रेघ पडावी. त्यावर तिरका दुसरा, मग दोन-बी. गडद भागात मी नऊ थर मोजले.

सरांनी एका जुन्या लग्नपत्रिकेला दोन भोकं पाडून दिली होती. एका भोकातून तांब्याचा उजेडातला भाग बघायचा, दुसऱ्यातून धोतराची छायेतली चुणी. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं, की नुसते दोन रंग उरतात. पांढऱ्या धोतराची चुणी पितळेपेक्षा गडद निघाली. मी पत्रिका खाली घेतली, तर धोतर पुन्हा पांढरं. पुन्हा लावली, पुन्हा गडद. धोतर पांढरं आहे हे माहीत असल्यामुळे मी ते आठवडेच्या आठवडे कोरं सोडत आले होते.

दहावीतल्या मुलाचं याच काळात बिनसलं. मोबाइलवर फोटो काढून, त्यावर चौकटी आखून, त्यानं घरी एका दिवसात किटलीचं सुबक चित्र करून आणलं. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. सरांनीही केलं. मग त्याला किटलीसमोर बसवलं आणि चित्र शेजारी धरलं. फोटोत किटलीची चोच फुगलेली होती, कारण जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग मोठा येतो. छायेचा भाग सपाट काळा होता. प्रत्यक्ष किटलीच्या छायेत मात्र टेबलाचा तपकिरी उजेड होता, खिडकीच्या गजांच्या सावल्या होत्या. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं बोर्डाला कोरा कागद लावला. त्यानं त्या दिवशी दाखवलेल्या हिमतीबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या वयात मी ते केलं नसतं.

दहाव्या रविवारी तांब्याच्या काठावरचा पोचा काढला. बोटाच्या पेराएवढा खळगा. त्यात वरच्या बाजूला छाया आणि खाली उजेड, म्हणजे बाकीच्या तांब्याच्या नेमकं उलट. त्याला पूर्ण सकाळ लागली. अकराव्या रविवारी मी फक्त खोडरबर वापरलं. मळून मऊ केलेल्या रबराचं टोक करून चमकेचे दोन ठिपके उचलले आणि पेन्सिल खाली ठेवली.

सर उठून आले. कागद हातात न घेता माझ्या मागे, माझ्या डोळ्यांच्या जागी डोकं आणून उभे राहिले. तांब्या, चित्र, तांब्या. "पोचा बरोबर आलाय," म्हणाले. मग कागद उलटा करून मागे तारखा लिहायला सांगितल्या. मी लिहिल्या, १८ जून ते २७ ऑगस्ट. त्यांनी तांब्या कपाटात ठेवला आणि लसणाचा एक गड्डा आणून तिवईवर ठेवला. त्याला बारा पाकळ्या आहेत. आज तिसरी काढते आहे.