हलबजाचं स्मारक कुणाचं?

इराकी कुर्दिस्तानातल्या हलबजाचं स्मारक पाहायला जाणारा माणूस दुःख पाहायच्या तयारीनेच जातो. मीही तसाच गेलो. दुःख तिथे आहेच. गोल दालनाच्या भिंतींवर मृतांची नावं आहेत आणि १६ मार्च १९८८ रोजीचे रस्ते पुतळ्यांनी पुन्हा उभे केले आहेत. तान्ह्या बाळाला कवेत घेऊन कोसळलेला उमर खावरही त्यांत आहे. तरी माझ्या डोक्यात घोळत राहिली ती दुसरीच तारीख. १६ मार्च २००६ रोजी याच गावच्या लोकांनी हे स्मारक पेटवून दिलं होतं. ती आग समजून घेतल्याशिवाय हे स्मारक समजत नाही, असं माझं मत आहे.

आधी मूळ घटना. इराण-इराक युद्ध संपत आलं होतं आणि गाव नुकतंच इराणी फौजा व पेशमर्गा या कुर्दी लढवय्यांच्या हाती गेलं होतं. सद्दामच्या विमानांनी आधी साधे बॉम्ब टाकले, म्हणून लोक तळघरांत उतरले. मग विषारी वायू आला. तो हवेहून जड, त्यामुळे खाली साचत गेला. जीव वाचवायला शोधलेली जागाच घात करून गेली. वाचलेले लोक सफरचंदासारख्या वासाची आठवण सांगतात. सुमारे पाच हजार माणसं मेली. मे महिन्यात सुरक्षा परिषदेने ठराव केला, पण त्यात गुन्हेगार म्हणून इराकचं नाव घेतलं नाही. अमेरिकेने तर इराणकडेही बोट दाखवलं. याच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सप्टेंबर २००३मध्ये स्मारकाच्या उद्घाटनाला आले. तोवर इराकवर चढाई होऊन गेली होती आणि हलबजाचे मृत आता उपयोगाचे झाले होते!

दरवर्षी पाहुणे येत, फुलं वाहत, भाषणं करत आणि गाड्यांत बसून परत जात. गावात मात्र धड रस्ते नाहीत, पाणी नाही, मस्टर्ड वायूने फुप्फुसं निकामी झालेल्यांना पुरेसे उपचार नाहीत. आमच्या मृतांच्या नावावर मदत येते आणि ती वरच्या वर जिरते, ही तक्रार जुनी होती. २००६च्या स्मृतिदिनी ती रस्त्यावर आली. आंदोलकांत विद्यार्थी पुष्कळ होते. गोळीबार झाला, त्यात एक तरुण मेला.

यावर कुणी म्हणेल, राग पुढाऱ्यांवर होता तर मृतांची आठवण का जाळली? आक्षेप खरा आहे. आतली छायाचित्रं, कागदपत्रं जळाली, ते नुकसान कुठल्याही मागणीने भरून येत नाही. मी त्या आगीचं समर्थन करत नाही. पण जाळणाऱ्यांना १९८८चा विसर पडला होता, असं म्हणणं पटत नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची माणसं त्याच भिंतीवर होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाहेरचे पाहुणे आले नसते तर जगाला हलबजा कळलंच नसतं. मान्य. साक्षीदार हवेतच. मात्र फुलं वाहून परतणाऱ्या पाहुण्यांनी, मदतीचा पैसा कुठे गेला, हेही विचारायला हवं होतं.

न्यायाचा हिशेबही अर्धाच आहे. या हल्ल्याचा आदेश देणाऱ्या अली हसन अल-मजीदला २०१०मध्ये फाशी झाली. सद्दामला त्याआधीच, दुजैल गावातल्या हत्याकांडाच्या खटल्यात, फासावर चढवलं गेलं. हलबजासाठी त्याला शिक्षा झालीच नाही. इराकला रसायनं विकणारा डच व्यापारी फ्रान्स व्हान अनराट तुरुंगात गेला, पण माल पुरवणारा तो एकटाच नव्हता. स्मारकात अल-मजीदच्या फाशीचा दोर मांडला आहे. गुन्हा फेडला गेला, असं तो दोर सांगू पाहतो. मला ते मान्य नाही. त्या दोराशेजारी २००६च्या आगीला आणि त्या दिवशी मारल्या गेलेल्या तरुणालाही तेवढीच ठळक जागा मिळाली पाहिजे.