कृष्णाकाठचे पट्टीचे पोहणारे

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर लाकडी फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून किनाऱ्याकडे धावत येण्याचा खेळ फार प्राचीन काळापासून चालत आला आहे. कॅप्टन कुक याच्या तिसऱ्या सफरीत, 1779 साली, त्याचा सहकारी लेफ्टनंट किंग याने तो पाहून त्याचे वर्णन लिहून ठेविले. पुढे त्याच बेटांवरील ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूने 1912 च्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळविले आणि आपल्या बेटांचा हा खेळ देशोदेशी नेला. टोकियो येथे 2021 साली पार पडलेल्या ऑलिंपिक सामन्यांत तर त्याला मानाचे स्थानही मिळाले. आता दूरदूरच्या बेटांवर झोपडीवजा विश्रामगृहे भाड्याने घेऊन, चांगल्या लाटेची वाट पाहात महिना महिना राहणारी हौशी मंडळी पुष्कळ आहेत.

आम्हां देशावरच्या माणसांना हे ऐकून प्रथम नवल वाटते. सातारा काय किंवा सांगली काय, समुद्र आमच्यापासून सह्याद्रीच्या पलीकडे. परंतु पाण्याच्या पाठीवर स्वार होण्याची हौस ही काही समुद्रकाठच्या लोकांचीच मिरासदारी नव्हे. समुद्रात लाट पुढे धावते आणि पाणी जवळजवळ जागच्या जागी वरखाली होते. नदीत याच्या उलट, पाणी पुढे धावते आणि खडकापाशी उठलेली लाट जागच्या जागी उभी राहते. जर्मनीतील म्युनिच शहरात आयस्बाख नावाच्या लहानशा प्रवाहावर अशाच उभ्या लाटेवर तरुण मंडळी फळी घेऊन खेळू लागली. कृष्णाकाठच्या पोहणाऱ्याला फळीचीही गरज कधी भासली नाही. त्याचे स्वतःचे अंग हीच त्याची फळी, आणि श्रावणातला पूर हाच त्याचा हंगाम.

हा हंगाम पाहावा म्हणून गेल्या श्रावणात आम्ही साताऱ्याहून निघालो व नदीच्या कडेकडेने मुक्काम करीत सांगलीस पोहोचलो. साताऱ्याजवळ संगम माहुलीस कृष्णेला वेण्णा मिळते. तेथे घाटाच्या पायऱ्यांवर बसले असता नदी अजून घाटमाथ्यावरून नुकतीच उतरल्यासारखी अवखळ भासते. कऱ्हाडास कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात; म्हणूनच त्या स्थळास प्रीतिसंगम हे गोड नाव पडले आहे. कऱ्हाड सोडल्यावर मात्र नदीचा स्वभाव पालटतो. प्रदेश सपाट होत जातो, पात्र वळणे घेऊ लागते, आणि औदुंबर, भिलवडी या बाजूस ती एखाद्या प्रौढ गृहिणीप्रमाणे संथ चालू लागते. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा आणि त्याहून खाली नृसिंहवाडीस पंचगंगा तिला मिळते. पावसाळ्यात या दोन्ही नद्या भरून आल्या म्हणजे वरचे पाणी खाली सरकावयास जागा उरत नाही. ते तुंबते आणि सांगलीच्या पेठांत शिरते.

सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्यापाशी पाण्याची उंची फुटांत मोजतात. 40 फूट ही इशाऱ्याची आणि 45 फूट ही धोक्याची पातळी. पूर चढू लागला की या पुलावरून सूर आणि मुटके मारणारे तरुण सांगलीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. सांगलीवाडी आणि आसपासच्या गावांच्या होड्यांच्या शर्यतीही याच पाण्यावर रंगतात, आणि त्या पाहण्यास दोन्ही काठ माणसांनी फुलून जातात.

घाटावर आम्हांस एक वृद्ध गृहस्थ भेटले. सत्तरी उलटली होती, परंतु दंडाची बांधणी अद्याप घट्ट. पोहणे कसे शिकलात, असे विचारता ते हसून म्हणाले, "मास्तर, पाठीला सुका भोपळा बांधून वडिलांनी पाण्यात सोडलं. भोपळा नसला तर पांगाऱ्याचं लाकूड. चार दिवसांनी भोपळा सुटला, तो परत बांधावा लागला नाही." पुरातील पोहण्याविषयी त्यांनी जे सांगितले, ते आम्ही वहीत टिपून घेतले. पलीकडचा घाट समोर दिसतो म्हणून सरळ तिकडे हात मारू नयेत. प्रवाहाला अंग देऊन तिरपे तिरपे जावे आणि पुष्कळ खाली काठ गाठावा. वाहून येणाऱ्या बाभळीपासून दूर राहावे, कारण तिला काटेही असतात आणि आश्रयाला आलेले सापही. भोवरा दिसला तर त्याच्याशी झुंजत न बसता कडेकडेने निसटावे. दम संपत आला तर हातपाय न झाडता उताणे पडून तरंगावे. "आणि पाण्याची ओळख नसेल," ते शेवटी म्हणाले, "तर काठावर बसून नमस्कार करावा. त्यात कमीपणा नाही."

पूर्वी हे ज्ञान म्हणजे केवळ करमणूक नव्हती. पूल नव्हते तेव्हा लोक भोपळ्यांच्या सांगडीवर बसून पार जात, आणि कित्येक गावांत गुऱ्हाळाची काहील हीच होडी होत असे.

कालिदासाने रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात कुशराजाची शरयूतील जलक्रीडा वर्णिली आहे. राजा पाण्यात उतरण्यापूर्वी तीरावर तंबू उभारले गेले आणि जाळी टाकणाऱ्या कोळ्यांनी नदीतील नक्र बाहेर काढून टाकले, असे कवी आवर्जून सांगतो. वर्गात हा भाग शिकविताना त्यातील सावधपणा आम्हांस नेहमीच लक्षणीय वाटे. आज कृष्णेच्या काठी त्याची आठवण अधिकच होते. भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरींचा वावर आहे, आणि माणसांवर व जनावरांवर त्यांचे हल्ले झालेले आहेत. शिवाय शेरी नाल्याचे सांडपाणी नदीत मिसळते, ते निराळेच. अशा स्थितीत घरोघरच्या माता मुलांस नदीवर जाऊ देत नाहीत, याबद्दल त्यांस दोष कोण देईल?

परंतु येथेच खरा पेच आहे. मुले नदीकडे गेली नाहीत, तरी नदी मुलांकडे यावयाची थांबत नाही. 2005 साली ती आली, 2019 साली पुलापाशी 57 फुटांच्याही वर चढली, आणि 2021 साली पुन्हा 50 फूट ओलांडून गेली. 2019 च्या पुरात गावभागातील आमच्या बहिणीच्या घरी माजघरात छातीभर पाणी झाले. घरातील नऊ माणसांत पोहता येणारी दोनच, आणि ती दोघेही साठीच्या पुढची! तीन तरुण मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडे नाव येईपर्यंत माडीवर जीव मुठीत धरून बसली होती. त्याच आठवड्यात, 8 ऑगस्ट रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे हलविणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत बायकामुलेही होती.

पोहता आले म्हणजे महापुरातून जीव वाचतोच, असे आम्ही म्हणत नाही. नावेत बसताना तरंगते जाकीट अंगात हवे, आणि प्रशासनाने घर सोडावयास सांगितले की वेळेवर सोडले पाहिजे. तथापि पाण्याला सरावलेला मनुष्य संकटात गांगरत नाही, दुसऱ्याच्या गळ्याला मिठी मारीत नाही, आणि मदत येईपर्यंत तग धरू शकतो. हवाईच्या मुलाला लाट लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून ती त्याला खेळ वाटते. कृष्णाकाठच्या मुलाला पुराचे केवळ भय ठाऊक असावे, ही गोष्ट आपल्या घराण्यांस शोभणारी नाही.

नदीत उतरणे धोक्याचे असेल तर तलाव आहेत, आणि शिकविणारे जाणते लोकही अजून हयात आहेत. एकत्र कुटुंबात मुंजीची, मंगळागौरीची आणि मुलांच्या परीक्षांची काळजी सर्वजण मिळून घेतात. त्यांतच हीही एक भर घालावी: येत्या उन्हाळ्याच्या सुटीत घरातील प्रत्येक मुलास, आणि मुलास म्हणताना मुली व सुना यांसही, पाण्यावर उताणे पडून शंभर आकडे मोजता यावेत. पट्टीचे पोहणे पुढे ज्याला हौस असेल त्याने शिकावे. एवढे तरंगणे मात्र कृष्णाकाठच्या कोणत्याही घरात कोणास येत नाही, असे राहू नये.