मुठीकडची बाजू

कापणी सुरू झाली की फुलचूरच्या बांध्यांतून धानाचा ओलसर, गोडूस वास उठतो, गोंदियाकडच्या राईस मिलांचा कोंडा उन्हात तरंगत येतो, आणि त्या पिवळ्या, धुरकट उजेडात खिडकीतल्या माझ्या लोखंडी चकत्या उबदार होतात.

या त्सुबा. जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये बसणाऱ्या, तळहातात मावणाऱ्या. मधल्या निमुळत्या फटीतून पात्याचा दांडा जायचा; हात धारेवर घसरू नये आणि तलवारीचा तोल राहावा, एवढं त्यांचं काम. मग एवढं कोरायचं कशाला? लोखंड कापून पोकळीतून उभा केलेला क्रौंच, पंख कडेपर्यंत ताणलेला. त्याला पाहिलं की मला आपले सारसच दिसतात. माझा एक मित्र वैतागतो. म्हणतो, भोकं पाडली की लोखंड दुबळं होणार, हा नुसता दागिना. काही त्सुबांपुरतं त्याचं खरंही आहे. 1603 नंतरच्या एदो काळात लढाया विरल्या, तलवारी कमरेलाच राहिल्या आणि कारागिरांना सवड मिळाली. सोनं मिसळलेल्या तांब्याला रात्रीसारखा काळा रंग आणण्यात ते रमले. 1876 मध्ये तलवार बाळगून हिंडायलाच बंदी आली.

पण त्सुबाची दर्शनी बाजू मुठीकडे असते. तलवार कमरेला असताना ती समोरच्यालाही दिसेल; उपसली, की शत्रूच्या वाट्याला टोक आणि धार, आणि ती कोरलेली पिसं, तो सगळा हळुवारपणा, ज्याचा हात थरथरतो आहे त्याच्या डोळ्यांसमोर.

एवढ्या जवळ.

हे जपानपुरतंच नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये नागपूरकर मराठा सरदार रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुटून मुंबईत आली. पातं युरोपातलं, मूठ इथली, मुल्हेरी घडणीची. पोलाद परक्याचं चाललं. सोन्याची नक्षी मात्र मुठीवर, आपल्या माणसाच्या पकडीपाशी. हा हट्ट मला फार आवडतो. उपयोगाचा हिशेब मांडणाऱ्यांनी भीतीचाही मांडावा.

परवा शेजारचे काकाजी बांधीतून येता येता टेकले. क्रौंच हातात घेऊन त्यांनी वजन जोखलं, कडेवरून अंगठा फिरवला.

“हे विळ्याले बसंल का?”

मी हसलो. ते हसले नाहीत. चकती उलटीसुलटी करत, पिसांची बाजू शोधत राहिले.

“पण मंग हा पक्षी कोन्या बाजूनं ठेवाचा?”